बोल गोड की कडू?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाशिक रोड येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. शिक्षण, वसतिगृह, लग्नकार्यातील वाढता खर्च हे विषय या व्यासपीठावर दरवर्षी होतात आणि ते व्हावयासच हवेत. मी मात्र आज दिसावयास लहान, परंतु संसारात मोठा उत्पात घडविणाऱ्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे आपल्या निरनिराळ्या प्रांतांतील असे शब्द, की जे एका गावी मायेचे म्हणून बोलले जातात आणि दुसऱ्या गावी शिवी म्हणून ऐकले जातात.

हा विषय नाशिक रोडइतका दुसऱ्या कोणत्या गावास शोभेल असे मला वाटत नाही. आगगाडीने या गावास जन्म दिला. १९२५ साली येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली करन्सी नोट प्रेस सुरू झाली, आणि नोकरीच्या निमित्ताने चहूकडची माणसे येथे येऊन स्थिरावली. १९८२ साली हे गाव नाशिक महानगरपालिकेत समाविष्ट झाले, तरी त्याची ही मिसळण तशीच राहिली. आपला जिल्हाच पाहा. सटाणा, कळवण, देवळा, मालेगाव या अंगास अहिराणी. पेठ-सुरगाण्याकडे डोंगराळ मुलखातील कोकणा बोली. निफाड, येवला, सिन्नर या बाजूस देशावरची मराठी. एका जिल्ह्यात जर इतके प्रकार, तर कोकण, वऱ्हाड, कोल्हापूर, मराठवाडा या सर्व भागांत विखुरलेल्या आपल्या ज्ञातीत किती असतील याची कल्पना करावी. पूर्वी सोयरीक दोन-चार कोसांच्या आत होत असे. आता मुलगी धुळ्याची, मुलगा चिपळूणचा, नोकरी पुण्यास आणि बिऱ्हाड नाशिक रोडला, असे संसार घरोघर आहेत. हे इष्टच आहे. परंतु पत्रिका जुळते, शिक्षण जुळते, देणेघेणे जुळते, आणि बोली जुळते की नाही हे कोणी विचारीत नाही. मग एखाद्या शब्दावरून अबोला धरला जातो. मूळ शब्द विसरला जातो आणि अबोला शिल्लक राहतो.

प्रथम काही उदाहरणे घेऊ. आईबापांविषयीच बोलावयाचे तर सातारा-सांगलीकडील शेतकरी 'आमचं म्हातारं काही ऐकत नाही' असे म्हणतो, त्या वेळी त्याच्या डोळ्यांत कौतुक असते. वऱ्हाडात कोणी 'बुढा काय म्हणते?' असे विचारले, तर ती तुमच्या वडिलांच्या प्रकृतीची आपुलकीने केलेली चौकशी असते. अहिराणीत म्हातारीस 'डोकरी' म्हणतात. हेच शब्द सदाशिव पेठेतल्या दिवाणखान्यात उच्चारले तर श्रोता म्हणेल, 'काय ही भाषा! जन्मदात्यांविषयी असे बोलावे?'

या ठिकाणी मला महानुभाव पंथातील एक प्रसंग आठवतो. सुमारे सातशे वर्षांपूर्वी केशिराजबास हे पंडित संस्कृतात ग्रंथरचना करू पाहत होते. त्यांस नागदेवाचार्यांनी थांबविले. कारण काय, तर संस्कृत ग्रंथाने आपल्या म्हाताऱ्या नागविल्या जातील, त्यांस काहीच कळणार नाही. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात ही हकीकत आली आहे. पंथातील वृद्ध, अशिक्षित स्त्रियांना आचार्यांनी 'म्हाताऱ्या' म्हटले. यात अनादराचा लेश तरी आहे काय? मराठी भाषेच्या इतिहासातील एक मोठा निर्णय त्या म्हाताऱ्यांच्या काळजीपोटी झाला. शब्द तोच, परंतु त्यामागे काळजी उभी होती.

पुढे चला. बागलाणातील सून आपल्या मुलीविषयी 'मनी आंडेर' म्हणते. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. घरातील सर्वांत जिव्हाळ्याचे हे दोन शब्द. ज्याने ते कधी ऐकले नाहीत त्यास ते ओबडधोबड, किंबहुना अश्लील वाटतात आणि तो तोंडावर रुमाल धरून हसतो. बिचारी सून दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या लेकीस स्वतःच्या भाषेत हाक मारीत नाही. कोकणातल्या मालवणीत मुलीस 'चेडू' म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे. गोव्याच्या कोंकणीतही तरुण मुलीविषयी बोलताना 'तें' असे नपुंसकलिंगी सर्वनाम येते. देशावरच्या विहिणीस वाटते, 'माझ्या मुलीस हे लोक वस्तू समजतात की काय?' वास्तविक आपण स्वतः 'माझं बाळ', 'माझं लेकरू' म्हणतो तेव्हा हेच करीत असतो. लहानग्यावरील मायेचे ते लिंग आहे.

नागपूरकडील मित्र 'काय बे, केव्हा आला?' म्हणून पाठीवर थाप मारतो. पुणेकराला तो 'बे' फटक्यासारखा लागतो. कोल्हापूरच्या तालमीत 'वस्ताद' हे गुरूचे नाव आहे, त्यांच्या पायास हात लावून मल्ल आखाड्यात उतरतो. इतरत्र 'तो मोठा वस्ताद आहे' म्हटले की ऐकणारा आपले पाकीट चाचपतो. कोकणातील आजी चार वर्षांनी भेटलेल्या नातवास 'मेल्या, खंय होतंस?' असे विचारते. आता जो शब्द शब्दशः घेईल त्यास वाटेल की म्हातारी मरण चिंतिते आहे. ती तर डोळे पुशीत असते.

आपल्याकडे शब्दकोशांची परंपरा मोठी आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली आली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. बोलींचीही पाहणी झाली. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ सालचा आहे, आणि डॉ. अ. मा. घाटगे यांनी कुडाळी बोलीवर लिहिलेले पुस्तक १९६५ सालचे. या थोर परिश्रमांपुढे मस्तक नम्र होते. परंतु कोणताही कोश शब्दाचा अर्थ देतो, त्याचे वजन देऊ शकत नाही. 'शहाणा' या शब्दाचा अर्थ कोशात चांगलाच असणार. 'शहाणा मुलगा आहे हो' आणि 'तूच एक शहाणा' या दोन वाक्यांतील अंतर मात्र आवाजात, भुवईत आणि मागच्या-पुढच्या संदर्भात असते. म्हणून कोश घेऊन भांडण मिटत नाही.

तर मग गोड आणि कडू ओळखावयाचे कसे? पुष्कळांची समजूत अशी, की आदरार्थी बहुवचन म्हणजे गोड आणि एकवचन म्हणजे कडू. ही समजूत टिकणारी नाही. महाराष्ट्रात आपण सर्वांत जास्त मान कोणास देतो? आईस आणि देवास. आणि एकवचनात कोणास हाक मारतो? आईस आणि देवासच. जनाबाईने पंढरीच्या रायास 'विठ्या' म्हटले, संतांनी त्याच्याशी भांडणे केली, त्याला बोल लावले. आणि वारकऱ्यांस ते सारे भक्तीचे वैभव वाटते. उलट, सासूबाई स्वयंपाकघरात येऊन 'उठलात का बाईसाहेब?' असे म्हणाल्या, तर त्या बहुवचनात आणि त्या 'साहेब' या प्रत्ययात किती काटे असतात हे येथील भगिनींस सांगावयास नको. आदराचे शब्द वापरून केलेला अपमान सर्वांत खोल जातो, कारण त्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. 'मी तर मानानेच बोलले' असे म्हणण्यास बोलणारी मोकळी राहते.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट ओळखली होती, म्हणूनच 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण झाली. या म्हणीत एक शहाणपण दडलेले आहे. बोल लेकीस उद्देशून आहेत, शब्द तेच आहेत. लेक ते ऐकून हसून विसरते आणि सून रात्रभर जागी राहते. असे का व्हावे? लेकीस आईशी वाद घालता येतो, रुसता येते, 'तूच चुकलीस' असे सांगता येते. सुनेस यांपैकी काहीच करता येत नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे. थट्टेचा किंवा अघळपघळ शब्द गोड की कडू हे त्या शब्दावरून ठरत नाही. ज्याला तो म्हटला त्याला उलट बोलण्याची मोकळीक आहे की नाही, यावरून ते ठरते.

ही कसोटी मघाच्या उदाहरणांस लावून पाहा. नागपूरचा मित्र 'काय बे' म्हणतो आणि दुसराही 'काय बे' म्हणतो, हिशेब बरोबर. आजी नातवास 'मेल्या' म्हणते. नातू काही तोच शब्द परत करणार नाही, परंतु 'म्हातारे, तुझे दात कुठे गेले?' असे म्हणून तो हसत अंगणात पळतो आणि आजी आणखीच हसते. तेथेही हिशेब बरोबर. जनाबाईचे बोल तर खालून वर गेलेले आहेत. दासीने राजास लडिवाळपणे बोललेले ते शब्द, त्यात अपमान कसला? परंतु तोच 'मेल्या' मालकाने नोकरास, मुकादमाने मजुरास, गुरुजींनी गरीब विद्यार्थ्यास, किंवा सासरच्यांनी नव्या जावयाच्या धाकट्या भावास चारचौघांत म्हटला, तर 'आमच्याकडे असेच बोलतात' हे उत्तर पुरेसे होत नाही. ज्यास ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्याशी केलेली थट्टा ही थट्टा राहत नाही.

नावांच्या बाबतीतही हेच दिसते. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी मुले जगत नसत. पाठोपाठ दोन-तीन मुले गेली, की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू असे ठेवीत. दृष्ट लागू नये, यमाने हा दगड समजून सोडून द्यावा, हा हेतू. नाव हलके, परंतु त्यामागचा जीव भारी. असे दगडू आणि धोंडू पुढे कर्ते पुरुष झाले आणि त्यांनी आपले नाव अभिमानाने मिरविले. याच पठडीतील दिसणारे दुसरे नाव पाहा : नकुसा. तिसरी-चौथी मुलगी झाली, आता मुलगी नको, म्हणून तिचेच नाव 'नकोशी'. दगडू या नावात मूल राहावे अशी प्रार्थना आहे; नकुसा या नावात मूल आलेच कशाला अशी तक्रार आहे. एक नाव मुलासाठी ठेवले, दुसरे मुलीच्या विरुद्ध ठेवले. २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनाने पुढाकार घेऊन अशा नावाच्या अडीचशेंहून अधिक मुलींचे नव्याने नामकरण केले. त्या मुली शाळेत हजेरीच्या वेळी रोज स्वतःच्या तोंडाने 'हजर' म्हणून त्या नावास ओ देत होत्या. 'आमच्याकडे अशी रीत आहे' हे वाक्य दगडूच्या बाबतीत खरे होते. नकुसाच्या बाबतीत ती केवळ सबब होती.

आता आणखी एक गुंता. शब्दांचे वजन काळाप्रमाणे बदलते. कोकणातून मुंबईस नोकरीस गेलेला आणि गणपतीस, शिमग्यास गावी येणारा माणूस म्हणजे 'चाकरमानी'. गावाकडे या शब्दाभोवती केवढी माया होती! चाकरमानी आला म्हणजे मनिऑर्डर पाठविणारा हात घरी आला, ओटीवर दिवा लागला. 'कधी आलास आणि कधी जाणार?' हा कोकणातील प्रश्नही परक्या कानास हाकलून देण्यासारखा वाटतो. विचारणारी मात्र जातेवेळी कोकम आणि फणसाची साठे बांधून द्यावयास दिवस मोजीत असते. परंतु 'चाकर' म्हणजे नोकर, तेव्हा हा शब्द आम्हांस कमीपणा आणणारा आहे, अशी तक्रार काही कोकणवासी संस्थांनी केली आणि २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात शासकीय व्यवहारात त्याऐवजी 'कोकणवासीय' शब्द वापरावा असे निर्देश राज्य शासनाकडून देण्यात आले. कित्येकांस हे पटले, कित्येकांस आपल्या आजीचा शब्द हिरावल्यासारखे वाटले. मला दोन्ही बाजू समजतात. घरात आजीने 'चाकरमानी' म्हणावे, त्यातील गोडी कोणी काढून घेऊ शकत नाही. सरकारी कागद आजी नव्हे. ज्यांच्याविषयी तो कागद आहे त्यांस जे नाव रुचते तेच त्यावर असावे.

आता मी आपल्या स्वतःच्या घरात येतो, आणि मंडळाच्या चालकांनी मला क्षमा करावी. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून देणगीदारांच्या याद्या छापल्या जातात. त्यांत पुरुषांच्या नावामागे एकच 'श्री.' असतो, नवरा आहे की नाही याचा त्यातून बोध होत नाही. स्त्रियांच्या नावामागे मात्र 'सौ.', 'गं. भा.', 'कु.' अशी वर्गवारी असते. 'गंगा भागीरथी' हे संबोधन ज्यांनी योजिले त्यांच्या मनात पावित्र्यच असणार. विधवा या अर्थाचा एक जुना शब्द तर घसरत घसरत शिवी होऊन बसला. त्याच्या तुलनेत 'गंगा भागीरथी' हा केवढा गौरव! तरीसुद्धा २०२३ च्या एप्रिलमध्ये महिला व बालविकास खात्याच्या मंत्र्यांनी विधवा स्त्रियांच्या नावामागे 'गं. भा.' लावण्याविषयी विचार व्हावा असे सुचविले, तेव्हा महाराष्ट्रातील स्त्रियांनी मोठा विरोध केला, आणि तसा निर्णय झालेला नाही असा खुलासा करावा लागला. विरोधाचे कारण सरळ होते : माझे दुःख प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक यादीत, प्रत्येक लग्नपत्रिकेत का छापता? त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव करून साऱ्या राज्यास धडा घालून दिला होता. ज्या काळात गाव असे ठराव करते, त्या काळात संस्थेच्या यादीने मागे राहू नये.

'श्रीमती' या शब्दाची गंमत तर आणखीच. हिंदी भाषिकांत श्रीमती म्हणजे विवाहित स्त्री. आपल्याकडे बहुतेकांची समजूत श्रीमती म्हणजे विधवा अशी. हिंदी मुलखातून आलेल्या पत्रावर नवपरिणीत सुनेच्या नावामागे 'श्रीमती' पाहून एखाद्या सासूबाईंचे हातपाय गळाले, तर नवल नाही. लिहिणाऱ्याने मान दिला, वाचणारीस अपशकुन वाटला. वास्तविक हा शब्द कोणत्याही स्त्रीस लागू पडणारा, शोभायुक्त अर्थाचा आहे. तसाच 'बाई' हा शब्द. लक्ष्मीबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई या नावांनी तो उजळला. शाळेत 'बाई' म्हणजे गुरू. कित्येक घरांत थोरल्या बहिणीस वा आईस 'बाई' म्हणतात. आज शहरात 'आमची बाई आली नाही' म्हटले की भांडी घासणारी आली नाही असा अर्थ होतो, आणि शिक्षिकेस 'मॅडम' म्हटले जाते. शब्द बिघडला नाही. ज्यांना आपण तो देतो त्यांच्या श्रमाची किंमत आपल्या मनात कमी झाली, म्हणून तो शब्दही उतरला.

बाहेरच्या जगातही असेच घडते, आणि त्याचे एक नामांकित उदाहरण आपल्या उंबऱ्यावर आहे. आपल्या शेजारचे देवळाली घ्या. इंग्रजी अमलात मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांस मायदेशी पाठविण्यासाठी देवळालीच्या छावणीत आणून ठेवीत. जहाजे ठराविक हंगामातच निघत. तोपर्यंत महिनेन् महिने काम नाही, ऊन आहे, हिवताप आहे. कित्येकांची डोकी फिरत. त्यावरून शिपायांच्या भाषेत 'देवलाली टॅप' असा प्रयोग निघाला. त्यातील 'टॅप' हा आपलाच 'ताप'. पुढे त्याचे 'डुलाली' झाले आणि आजही इंग्लंडात किंचित डोके फिरलेल्या माणसास 'डुलाली' म्हणतात, तेही पुष्कळदा हसत, ममतेने. ज्यांनी देवळाली कधी पाहिली नाही त्यांच्या तोंडी आपल्या शेजारगावाचे नाव वेडाचा पर्याय होऊन बसले. देवळालीकराने ते ऐकून रागवावे की हसावे? मला वाटते, कारण कळल्यावर त्याने हसावे. त्या शब्दात देवळालीची निंदा नाही. घरची वाट पाहून खचलेल्या परक्या पोरांची व्यथा त्यात आहे. कारण कळले की पुष्कळदा राग उतरतो. म्हणून रागावण्यापूर्वी विचारावे.

परंतु, बंधुभगिनींनो, विचारल्यावर काही वेळा असे उत्तर मिळते की राग उतरू नये. आपण ज्ञातीच्या व्यासपीठावर आहोत, म्हणून हे येथेच बोलणे प्राप्त आहे. दुसऱ्या जातींविषयीच्या म्हणी, टोपणनावे, नकला प्रत्येक ज्ञातीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आपल्याही घरात आहेत. लोक आपल्याविषयी जे बोलतात ते आपण अचूक लक्षात ठेवतो, आणि आपण लोकांविषयी जे बोलतो त्यास 'नुसती गंमत' म्हणतो. मघाची कसोटी येथे लावा. ज्यांस शतकानुशतके उलट बोलण्याची मोकळीक नव्हती, त्यांच्याविषयीच्या शब्दांत गंमत कोठून येणार? अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तीस चारचौघांत जातीवरून अपमानित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० च्या डिसेंबरमध्ये घेतला. कायदा शिक्षेच्या भीतीने तोंड आवरील. मन आवरण्याचे काम घरातच व्हावयास हवे. मुले म्हणी शाळेत शिकत नाहीत, ती त्या जेवणाच्या पंगतीत ऐकतात.

एक गोष्ट तरुण मंडळींसाठी. पूर्वी शब्दाबरोबर माणूस येत असे. त्याचा आवाज, हसू, खांद्यावरचा हात ही सारी शब्दाची सोबत होती. आज कुटुंबातील निम्मे बोलणे व्हॉट्सॲपवर होते आणि तेथे शब्द एकटा येतो. काकांनी लिहिलेले 'बरं' हे संमतीचे की नाराजीचे, यावर घरात दोन दिवस चर्चा चालते. बोलीतील सलगीचा शब्द समोरासमोर बोलावा आणि तो लिहिण्यापूर्वी दोनदा विचार करावा. विशेषतः जेथे नवे सोयरे, जावई, सुना एकाच गटात आहेत तेथे. थट्टेचा एखादा शब्द तेथे पन्नास जणांपुढे पडतो, आणि ज्याच्याविषयी तो आहे त्यास पन्नास जणांपुढे उत्तर देता येत नाही.

आता उपदेशाचा भार फार न वाढविता तीन सूचना करून मी आपली रजा घेईन.

पहिली सूचना ऐकणाऱ्यास. परक्या मुलखातील शब्द कानास टोचला तर त्याच क्षणी अर्थ ठरवू नये. 'तुमच्याकडे हा शब्द कोणास म्हणतात?' एवढे विचारावे. जर तो शब्द ते स्वतःच्या मुलास, भावास, आईसही म्हणत असतील, तर तुम्हांस त्यांनी घरात घेतले असे समजावे. तो शब्द केवळ परक्यासाठी आणि दुबळ्यासाठी राखून ठेवलेला असेल, तर तुमचा कान बरोबर होता.

दुसरी सूचना बोलणाऱ्यास. आपला हेतू चांगला होता हे सांगण्याचा अधिकार आपणांस आहे. परंतु लागले की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्याला लागले त्याचा आहे. समोरच्याने 'हा शब्द मला रुचत नाही' असे म्हटले, तर त्याच्याशी कोश उघडून वाद घालू नये. शब्द सोडून द्यावा. मराठी भाषा इतकी संपन्न आहे, की एक शब्द सोडल्याने कोणाची माया अडत नाही. आणि नवीन सून घरात आली, की तिच्या माहेरची बोली तिला मोकळेपणी बोलू द्यावी. तिची 'आंडेर' आणि आपली 'लेक' एकाच घरात सुखाने नांदू शकतात. ज्या घरी दोन बोली चालतात त्या घरातील मुलांस दोन आज्या खऱ्या अर्थाने लाभतात.

तिसरी सूचना मंडळास. पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी देणगीदार भगिनींचे नाव कसे छापावे हे प्रत्येकीस विचारावे. पावतीपुस्तकावर एक ओळ अधिक छापावी, इतकेच काम आहे. ज्यांना 'सौ.' हवे त्यांचे 'सौ.' छापावे, ज्यांना काहीच नको त्यांचे नुसते नाव छापावे, परंतु आपण होऊन कोणाच्याही नावामागे तिचे दुःख जोडू नये. त्याचबरोबर आपल्या वधूवर मेळाव्याच्या माहितीपत्रकात 'घरात बोलली जाणारी बोली' असा एक रकाना ठेवावा. जुळवणीच्या वेळी त्याचा अडथळा म्हणून उपयोग होऊ नये. दोन्ही घरांनी आधीच एकमेकांचे चार शब्द शिकून घ्यावेत, यासाठी तो असावा. जमल्यास मंडळाने आपल्या वृद्ध मंडळींकडून त्या त्या भागातील असे दुहेरी शब्द गोळा करून, ते कोण कोणास कोणत्या भावनेने म्हणतो हे लिहून ठेवावे. कोशात नसलेले हे वजन त्यांच्याच जिभेवर आहे, आणि ती मंडळी दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहेत.

सभागृहात कोकणापासून खानदेशापर्यंतच्या घरांतील मंडळी बसली आहेत. त्यांतील काही शब्दांचा उच्चार मी आपल्या इच्छेप्रमाणे केला नसेल, तो त्या त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी अवश्य सुधारावा. मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो, ज्ञातीतील सर्व घरांत सुना आणि लेकी सारख्याच मोकळेपणाने उलट बोलू शकोत, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपले भाषण पुरे करतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.